थोडक्या पैशांत पेरूचा कापडबाजार

व्यापारी बंधूंनो, दक्षिण अमेरिकेची सफर फक्त बड्या शेठ लोकांसाठी, हा समज सोडा. पेरूची राजधानी लिमा येथील गामारा बाजार आम्ही बेताच्या खर्चात पाहून आलो. लांब धाग्याच्या पिमा कापसाचे टी-शर्ट तिथे पाहण्यासारखे आहेत.

व्हिसाच्या कामात मात्र काटकसर नको. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे तरी भारतीयाला ट्रान्झिट व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट घेण्याआधी मार्ग तपासा.

अल्पाका लोकरीचे शहर अरेकिपा लिमाहून सुमारे १,००० किलोमीटर. आम्ही रात्रीची बस धरली. एका रात्रीचे लॉजभाडे वाचले.

दुपारी ‘मेनू’ मागावा. सूप, एक मुख्य पदार्थ आणि बहुधा सरबत ठरावीक दरात मिळते. हलाल गोश्त सहज मिळत नाही, म्हणून आम्ही मासळी-भातावर भागवले. ‘सिन सेर्दो’, म्हणजे डुकराचे मांस नको, हे शब्द पाठ ठेवा.

भाव ‘पोर मायोर’, म्हणजे घाऊक, असाच विचारा. नमुने मोजके घ्या. दर, वजन आणि सुताचा नंबर वहीत टिपा. खर्चात वाचलेला पैसा मालात लागला, तरच सफर कामी आली.