नाशिकमध्ये शिकलेले ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ कोण होते?

पाचगणी : झांजिबारमध्ये जन्मलेला गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे अनेकांना माहीत आहे. त्याच्या सुमारे शंभर वर्षं आधीही पूर्व आफ्रिकेतली मुलं महाराष्ट्रात शिकत होती. मात्र, ही मुलं गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली होती. इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हटलं जातं.

ती नाशिकला कशी आली?

१९व्या शतकात ब्रिटिश नौदल हिंदी महासागरात गुलामांची गलबतं पकडत असे. सुटका झालेल्या अनेकांना मुंबईत उतरवलं जाई. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये नाशिकला शरणपूर ही वसाहत वसवली. तिथल्या ‘आफ्रिकन असायलम’मध्ये या मुलांना इंग्रजी, ख्रिस्ती धर्म आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. नाशिकचा शरणपूर रोड याच वसाहतीच्या नावाचा.

विल्सन कॉलेजशी काय संबंध?

संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी १८६४ मध्ये चुमा आणि विकातानी या दोन मुलांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. हीच संस्था पुढे विल्सन कॉलेज झाली. १८६६ मध्ये हे दोघे आणि नाशिकचे नऊ तरुण लिव्हिंगस्टन यांच्या मोहिमेवर आफ्रिकेत गेले.

१८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन यांचा मृत्यू झाला. चुमा, सुसी आणि साथीदारांनी त्यांचा मृतदेह दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर चालत किनाऱ्यावर आणला. नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीला हजर होता. थडग्यावर मात्र ‘विश्वासू हात’ एवढाच उल्लेख आहे. एकाचंही नाव नाही.

नोंदी का महत्त्वाच्या?

या मुलांना नवी इंग्रजी नावं मिळाली. मॅथ्यू वेलिंग्टनचं मूळ नाव चेंग्विम्बे होतं, हे तरी कळतं. बहुतेकांची मूळ नावं, गावं कागदावर आलीच नाहीत. जे कळतं, ते प्रामुख्याने मिशनऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या लिखाणातून. म्हणूनच वेनराइटने स्वतः लिहिलेली दैनंदिनी मोलाची ठरते.

आज कुठे काम होतं?

लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने २००७ मध्ये ‘बॉम्बे आफ्रिकन्स’वर प्रदर्शन भरवलं. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकन अभ्यास केंद्र आहे. आता या विद्यार्थ्यांचा इतिहास नाशिक आणि मुंबईच्या शैक्षणिक इतिहासातही नावानिशी यायला हवा.