तहान आणि मीठ

आतड्याच्या जुनाट दाहाने पिडलेला मनुष्य प्रवासाला निघताना पाणीच टाळतो. वाटेत पंचाईत नको! पण त्यामुळे जुलाब थांबत नाहीत, शरीर मात्र सुकते.

आपल्या आतड्यांत अन्नपाणी व पाचकरस मिळून रोज सुमारे ८-९ लिटर द्रव उतरतो. बहुतेक लहान आतडे शोषते. उरलेला लिटर-दीड लिटर मोठे आतडे. त्याला सूज आली की ही शेवटची वसुली बुडते, आणि पाण्याबरोबर मीठही जाते. मग नुसते पाणी कितीही प्यालो तरी भागत नाही.

साखर व मीठ जोडीने आतड्याच्या भिंतीतून आत जातात, पाणी त्यांच्यामागून जाते, असा विचार रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडला. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पेयाने पटकीचे असंख्य रोगी वाचविले.

तेव्हा आपण क्षारसाखरेची पुडी तीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवावी आणि घोटघोट प्यावी. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी कमी व गडद होऊ लागली, तर तहानेची वाट पाहू नये.