श्वास रोखू नका

माझे अब्बा बोटीवर खलाशी होते. आयुष्याची तीस वर्षं पाण्यावर काढली, पण त्यांना पोहता येत नव्हतं. कुणी छेडलं तर म्हणायचे, "पोहणाऱ्याला बुडायला जरा जास्त वेळ लागतो, एवढाच फरक." रत्नागिरीजवळच्या आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात सगळे यावर हसत. मला हसू येत नसे. दहा वर्षांची असताना मी खाडीत घसरले होते आणि शेजारच्या चाचींनी केसांना धरून वर काढलं होतं. तेव्हापासून तोंडावर तांब्याभर पाणी घेतलं तरी माझा श्वास अडकायचा. बावन्नाव्या वर्षी नगरपालिकेच्या तलावात पोहायला शिकले, तेही डोकं पाण्याबाहेर ठेवून.

अशी बाई स्कूबा डायव्हिंग शिकायला अंदमानला गेली, याचं श्रेय माझ्या भाचीचं. "खाला, समुद्रावर एवढ्या कविता लिहिल्यास, एकदा आत काय आहे ते तरी बघ," असं तिनं ऐकवलं. हे जरा लागलं.

२०२३च्या जानेवारीत आम्ही दोघी पाठीला सॅक लावून निघालो. माझी सॅक नऊ किलोंची, त्यातली तीन किलो पुस्तकं. एकही उघडलं गेलं नाही. मुंबईहून चेन्नई, तिथून पोर्ट ब्लेअर (२०२४पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालं आहे) आणि पुढे सरकारी बोटीनं दोन-अडीच तासांवर हॅवलॉक बेट. या बेटालाही २०१८मध्ये स्वराज द्वीप असं नाव मिळालं, पण धक्क्यावर आम्हाला जुनंच नाव ऐकू आलं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं गेलं, त्यामुळे बाजारात बंगालीच जास्त. नारळ, सुपारी, भाताची खाचरं. बोली सोडली तर आपल्या कोकणातच आल्यासारखं वाटतं.

मालवणला पर्यटकांना थोडा वेळ पाण्याखाली नेऊन आणतात, तसं हे नव्हे. तिथे शिक्षक तुम्हाला धरून असतो, आपण नुसते पाहुणे. 'ओपन वॉटर' कोर्समध्ये तीन-चार दिवसांत स्वतः खाली जायला आणि मुख्य म्हणजे स्वतः वर यायला शिकवतात. मर्यादा १८ मीटरची, तीही जोडीदारासोबत. आधी एक वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो. दमा, हृदयविकार, कानाचं जुनं दुखणं, यांतल्या कशालाही 'हो' म्हटलं की डॉक्टरचं पत्र लागतं. माझी रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून ते पत्र मी घरूनच नेलं होतं. तिथे जाऊन अडकण्यापेक्षा ते बरं. मग २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं. पोहायला वेळेचं बंधन नव्हतं, म्हणून निभावलं.

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असा आपला समज. असते ती साधीच हवा, प्रचंड दाबानं भरलेली. खरी करामत तोंडात धरायच्या रेग्युलेटरची. आजूबाजूच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबानं तो हवा देतो, आणि आपण ओढू तेव्हाच देतो. १९४३मध्ये फ्रान्समध्ये जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी हे यंत्र जमवलं.

आमचा शिक्षक तिथलाच बंगाली तरुण. मला 'मासीमा' म्हणायचा. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात त्यानं एकच वाक्य दहादा सांगितलं, "श्वास रोखायचा नाही." मी मान डोलावली. वहीत लिहूनही घेतलं. पण शरीराला वही वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आठेक मीटर खाली होतो. कान दुखू नयेत म्हणून दर थोड्या अंतरावर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, ते मला जमलं होतं. भाचीच्या मनगटावरचा लाल पट्टा तिथे मातकट दिसत होता, कारण पाणी लाल रंग आधी शोषून घेतं. मी तो पाहत असतानाच मास्कमध्ये पाणी शिरलं. नाकात गेलं. आणि मी एका क्षणात पुन्हा दहा वर्षांची झाले. छाती भरून श्वास घेतला, घट्ट धरला आणि वर सुटले.

शिक्षकानं जाकिटाचा पट्टा पकडून मला ओढून धरलं. राग आला, जीव जात होता ना! त्यानं माझ्या तोंडातला रेग्युलेटर हातानं दाबून धरला आणि दुसरा हात ओठांपासून पुढे नेत राहिला, म्हणजे सोड, बाहेर सोड. शेवटी बुडबुडे निघाले. पुढचा श्वास आपोआप आला.

किनाऱ्यावर त्यानं वाळूत बोटानं फुगे काढून समजावलं. पृष्ठभागावर हवेचा जेवढा दाब, तेवढाच आणखी दाब दर दहा मीटर पाण्यानं वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दुप्पट. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना फुगत जाते आणि पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर जादा हवा निघून जाते. रोखला असेल तर फुप्फुस फाटू शकतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. सर्वांत धोक्याचे शेवटचे काही मीटर, कारण दाबाचं प्रमाण तिथेच झपाट्यानं बदलतं. खाडीत ज्या सवयीनं मला वाचवलं होतं, तीच इथे मारणार होती. खाडीतली मुलगी वरचा श्वास घेऊन बुडते, तिच्या छातीतली हवा वर येताना पुन्हा तेवढीच होते. मी खालची, दाबलेली हवा घेतली होती.

मी गझल म्हणते. लांब ओळ तुटू नये म्हणून श्वास धरून ठेवायची तीस वर्षांची खोड. तीही मोडायची होती. त्या रात्री झोपडीत पडून नुसता श्वास सोडायचा सराव केला. भाची वैतागली.

तिसऱ्या दिवशी मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं होतं. घेतलं. कपाळाशी मास्क दाबला, वर पाहिलं, नाकानं हवा सोडली, पाणी खालून निघून गेलं. पुन्हा केलं. नंतर प्रवाळ पाहिलं. काही जिवंत, बरंच राखाडी, मेलेलं. २०१०मध्ये समुद्र तापला तेव्हा अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं होतं. हात लावायचा नाही, हा तिथला दुसरा नियम.

कोर्स संपल्यावर लगेच विमानात बसता येत नाही. दाबाखाली श्वास घेताना शरीरात जादा नायट्रोजन मुरतो, तो सावकाश निघावा लागतो. एकाहून जास्त बुड्या मारल्या असतील तर निदान १८ तास थांबायचं. आमचा तो सबंध दिवस धक्क्यावर गेला. एक म्हातारा खलाशी दोर गुंडाळत होता. मी विचारलं, "चाचा, तैरना आता है?"

तो हसला. "नहीं. आप को?"

"इसी हफ्ते सीखा है. नीचे का."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि दोर गुंडाळू लागला.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)