हेवी मेटल संगीताचे पुनःश्रवण व रसग्रहण

प्रथम श्रवणी कर्कश, एकसुरी किंवा केवळ गोंगाट भासणारे हेवी मेटल संगीत वारंवार ऐकल्यानंतर श्रोत्याला त्यातील रचना, लय आणि भाव उमगू लागण्याच्या प्रक्रियेचा विचार संगीतशास्त्र व मानसशास्त्र या दोन्ही अंगांनी झालेला आहे. हेवी मेटल हा रॉक संगीताचा एक प्रकार असून १९६० च्या दशकाच्या अखेरीस व १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तो मुख्यत्वे इंग्लंड व अमेरिकेत उदयास आला. थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम असे त्याचे अनेक उपप्रकार आहेत. या उपप्रकारांचे कित्येक निष्ठावंत श्रोते पहिल्या श्रवणात त्यांच्याकडे आकृष्ट झालेले नसतात. ही आवड बहुधा हळूहळू घडते, आणि ती घडत असताना गोंगाट वाटलेल्या ध्वनीतून एकेक घटक वेगळा ऐकू येऊ लागतो.

ध्वनीचा उगम

या संगीताचा जड, खर्जातला ध्वनी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरात आकारास आला. ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक टोनी आयोमी हे सतरा वर्षांचे असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होते. तेथील यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. आयोमी डावखुरे असल्याने तारा दाबण्याचे काम नेमके याच हाताकडे होते. वादन सोडण्याच्या विचारात असता त्यांना जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकवण्यात आली. राइनहार्ट यांची दोन बोटे भाजून निकामी झाली होती आणि उरलेल्या दोन बोटांनी ते अप्रतिम वाजवीत. आयोमींनी मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, पातळ तारा वापरल्या आणि पुढे तारांचा ताण कमी करण्यासाठी गिटार खालच्या स्वरात लावली. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या संग्रहात ही उतरवलेली सुरावट ठळकपणे ऐकू येते. पुढील पिढ्यांनी जो खर्ज हेतुपुरस्सर जोपासला, त्याच्या मुळाशी एका कामगाराची दुखापत आहे.

‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला संग्रह १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रकाशित झाला. त्यातील पहिल्याच गीताच्या आरंभी पाऊस व चर्चची घंटा ऐकू येते आणि नंतर संथ गतीने तीन स्वर येतात: षड्ज, तार षड्ज आणि मग खाली उतरून तीव्र मध्यम. पाश्चात्त्य संगीतात षड्ज व तीव्र मध्यम यांतील अंतराला ‘सैतानी’ म्हणण्याची परंपरा आहे. यमन किंवा मारवा ऐकत वाढलेल्या कानाला मात्र तीव्र मध्यमात भीतीदायक असे काही जाणवण्याचे कारण नाही. एखाद्या स्वरांतराचे भय हे त्या अंतरात कमी आणि ऐकणाऱ्याच्या सवयीत अधिक असते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

कर्कशतेमागील रचना

हेवी मेटलमधील गिटारचा आवाज ‘डिस्टॉर्शन’मधून घडतो. ध्वनिवर्धकाला त्याच्या क्षमतेपलीकडचा संकेत दिला की ध्वनिलहरींची टोके छाटली जातात आणि मूळ स्वरासोबत अनेक वरचे स्वर उमटतात. नवख्या श्रोत्याला ही खरखर म्हणजे यंत्रातील बिघाड वाटतो. वस्तुतः तिला स्वतःचे गणित आहे.

या संगीतातील मूलभूत स्वरसंगती ‘पॉवर कॉर्ड’ या नावाने ओळखली जाते. तीत षड्ज आणि पंचम एवढेच स्वर असतात, म्हणजे तंबोऱ्याच्या नेहमीच्या जुळणीतील जोडीच. षड्ज व पंचमाच्या कंपनसंख्यांचे प्रमाण २:३ असे असते. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र आले की त्यांच्या कंपनसंख्यांतील फरकाइतका तिसरा स्वरही निर्माण होतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ८२ हर्ट्झ आणि त्याचा पंचम सुमारे १२३ हर्ट्झ असतो. फरक येतो सुमारे ४१ हर्ट्झ. हा स्वर मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा असून बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वरही तोच आहे. कोणीही न छेडलेला हा मंद्र षड्ज ऐकू येऊ लागला, की या संगीताचे ‘वजन’ कशाला म्हणतात ते ध्यानात येते. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गांधार ऐकू येण्यासाठी जशी कानाची तयारी लागते, तशीच ही तयारी आहे.

याच स्वरसंगतीत गांधार मिसळला तर मात्र ध्वनी गढूळ होतो. पाश्चात्त्य समविभाजित सप्तकातील शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा किंचित चढा असतो आणि डिस्टॉर्शनमुळे तो विसंवाद अधिकच उठून दिसतो. त्यामुळे गांधार वगळणे हा दारिद्र्याचा नव्हे तर माध्यमाच्या जाणकारीचा भाग ठरतो. गोडव्याची सवय असलेल्या श्रोत्याला जी उणीव भासते, तिचे कारण पुष्कळदा हेच असते.

कंठध्वनी

सर्वाधिक विरोध होतो तो गायनाला. डेथ मेटलमधील गुरगुरण्यासारखा आवाज ‘ग्राउल’ म्हणून ओळखला जातो. स्वरयंत्रात खऱ्या स्वरतंतूंच्या वर मांसल घड्या असतात, त्यांना मिथ्या स्वरतंतू म्हणतात. नेहमीच्या बोलण्यात त्या जवळपास स्वस्थ असतात. ग्राउलमध्ये त्या कंपित होतात. दक्षिण सैबेरियातील तुवा लोकांच्या ‘कारग्यरा’ या पारंपरिक गायनप्रकारातही याच घड्यांचा उपयोग केला जातो. योग्य श्वसनाने आणि रियाजाने हा आवाज काढावा लागतो. नुसते घसा ताणून ओरडल्यास घशाला इजा होते.

अशा गायनात स्वरांची चढउतार फारच थोडी असते. श्रोता चाल शोधत राहतो आणि ती न सापडल्याने त्याला सगळाच संताप वाटतो. काही श्रवणांनंतर लक्ष चालीवरून व्यंजनांकडे वळते. शब्दांचे आघात ढोलाच्या आघातांशी कसे जुळतात किंवा मुद्दाम कसे चुकवले जातात, हे कळू लागते. तालवाद्याच्या बोलांप्रमाणे हा आवाज ऐकावा, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या बरेच जवळ जाईल.

लय व आवर्तन

अतिजलद उपप्रकारांत ‘ब्लास्ट बीट’ नावाचा ठेका वापरतात. त्यात लहान व मोठ्या ढोलांवर मिळून सेकंदाला दहाहून अधिक आघात होतात. पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक आघात मोजू पाहतो आणि थकतो. सवयीच्या श्रोत्याला ते आघात वेगवेगळे ऐकू येत नाहीत, त्यांचा एक सलग पडदा होतो आणि त्या पडद्यावर गिटारची चाल पुष्कळदा विलंबित असल्याचे आढळते. नॉर्वेतील ‘एम्परर’ या वाद्यवृंदाचा १९९४ सालचा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’ हा संग्रह या दृष्टीने उल्लेखनीय आहे. गतीच्या तळाशी असलेली ही संथता पहिल्या श्रवणात सहसा हाती लागत नाही.

स्वीडनमधील ‘मेशुगा’ हा वाद्यवृंद याहून वेगळी परीक्षा घेतो. त्यांच्या अनेक रचनांमध्ये झांजेवर सरळ चार ठोक्यांचे आवर्तन चालू असते, तर गिटार व मोठा ढोल विषम लांबीची आकृती पुनःपुन्हा वाजवतात. समजा आवर्तन १६ मात्रांचे आणि आकृती १७ मात्रांची आहे. तर प्रत्येक फेरीत आकृती एकेक मात्रा पुढे सरकते, आणि ठरावीक आवर्तनांनंतर तिचे शेपूट छाटून ती पुन्हा समेवर आणली जाते. केवळ गिटारच्या मागे लागणारा श्रोता भरकटतो. झांज धरून ठेवणाऱ्याला सम सापडते. तिहाई समेवर कशी येते याची उत्सुकता ज्याने अनुभवली आहे, त्याला हा आनंद अपरिचित वाटणार नाही.

एका रचनेचे उदाहरण

‘मेटालिका’ या अमेरिकी वाद्यवृंदाचे ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) हे साडेआठ मिनिटांचे गीत पुनःश्रवणाच्या अभ्यासासाठी सोयीचे आहे. प्रथम लक्षात राहतो तो केवळ वेग. दुसऱ्या-तिसऱ्या श्रवणात असे जाणवते, की कडव्यामागील स्वरावली तीन आवर्तने पूर्ण करते आणि चौथे अर्ध्यातच तोडते. या खुंटलेल्या आवर्तनामुळे पाय अडखळल्यासारखे होते. गीताचा विषय व्यसनाधीनता हा आहे. माणसावर सत्ता गाजवणारे व्यसनच येथे बोलते, आणि हा अडखळा त्या आशयाला शोभणारा आहे. गीताच्या मध्यावर डिस्टॉर्शन ओसरते, स्वच्छ तारांवर एक करुण चाल येते, तिला दुसऱ्या गिटारची साथ मिळते आणि मग जडपणा पुन्हा हळूहळू चढत जातो. केवळ आरंभीचे मिनिटभर ऐकून मत बनवणाऱ्यापर्यंत हा भाग पोहोचतच नाही.

दहा वेगवेगळी गीते एकेकदा ऐकण्यापेक्षा एकच गीत दहा वेळा ऐकणे, एका वेळी एकाच वाद्याचा माग घेणे आणि मधल्या काळात गीताचे शब्द वाचणे, हा मार्ग अधिक फलदायी ठरतो.

मानसशास्त्रीय विवेचन

परिचयाने पसंती वाढते, हे तत्त्व रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ साली मांडले. निरर्थक शब्द, अनोळखी लिपीचिन्हे आणि चेहऱ्यांची छायाचित्रे जितक्या अधिक वेळा दाखवावीत, तितकी ती लोकांना अधिक बरी वाटतात असे त्यांना आढळले. डॅनियल बर्लाइन यांच्या मांडणीनुसार पसंतीचा आलेख आधी चढतो आणि पुढे अतिपरिचयाने उतरतो. साधी चाल लवकर आवडते व लवकर शिळी होते, गुंतागुंतीची चाल उशिरा आवडते. डायना डॉइच यांनी दाखवलेला आभास तर अधिकच चकित करणारा आहे: बोललेले एखादे वाक्य ध्वनिमुद्रित करून जसेच्या तसे वारंवार ऐकवले, तर ते गायल्यासारखे वाटू लागते. ध्वनी तोच राहतो, ऐकण्याची रीत पालटते.

ऑस्ट्रेलियातील मॅक्वेरी विद्यापीठात विल्यम फोर्ड थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेथ मेटलच्या श्रोत्यांचा अभ्यास केला. त्याच रचना ऐकून चाहत्यांनी आनंद, सामर्थ्य व शांती अशा भावना नोंदवल्या, तर इतरांनी ताण, भय व राग नोंदवला.

तथापि पुनरावृत्ती हा रामबाण उपाय नव्हे. आरंभीच तीव्र नावड असेल तर वारंवार सामोरे जाण्याने ती वाढू शकते, असेही प्रयोगांत दिसले आहे. बळजबरी असेल तर प्रश्नच मिटला. इराकमध्ये अमेरिकी सैनिक कैद्यांचा निर्धार मोडण्यासाठी त्यांना मोठ्या आवाजात तीच ती गाणी ऐकवत असल्याचे वृत्त २००३ साली प्रसिद्ध झाले. त्या गाण्यांत मेटालिकाचे ‘एंटर सँडमॅन’ होते आणि दूरचित्रवाणीवरील लहान मुलांच्या कार्यक्रमातील गाणीही होती. बालगीतेही छळाचे साधन होऊ शकतात, यावरून दोष संगीतप्रकाराचा नसून थांबवण्याचा अधिकार हिरावून घेण्याचा होता, हे स्पष्ट व्हावे.

रीनो येथील खटला

काय ऐकू येणार हे आधी सांगितले, तर तेच ऐकू येऊ लागते. पुनःश्रवणाची ही दुसरी बाजू १९९० साली अमेरिकेतील नेवाडा राज्यात, रीनो येथील न्यायालयात पुढे आली. दोन तरुणांनी १९८५ मध्ये केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नात एक जण तत्काळ आणि दुसरा काही वर्षांनी मरण पावला. ‘ज्यूडास प्रीस्ट’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या १९७८ सालच्या ‘स्टेन्ड क्लास’ या संग्रहातील एका गीतात मृत्यूला उद्युक्त करणारे छुपे शब्द असल्याचा कुटुंबीयांचा दावा होता. न्यायालयात ते गीत परोपरीने ऐकवले गेले. ज्यांना शब्द सांगितले होते त्यांना ते ऐकू येत. गायकाचा उच्छ्वास आणि गिटारचा ध्वनी योगायोगाने एकत्र आल्याने तसा भास होतो, तो हेतुपूर्वक घातलेला नाही, असा निष्कर्ष काढून न्यायाधीशांनी दावा फेटाळला. मुले गमावलेल्या कुटुंबांचे दुःख खरे होते. परंतु ज्या संगीताशी आपला परिचय नाही त्यात कारण शोधणे सोपे जाते, हेही या प्रकरणातून दिसते.

महाराष्ट्रातील श्रोते

मुंबईत या संगीताचा श्रोतृवर्ग कॅसेटच्या काळात तयार झाला. कॅसेट थोड्या असत, त्या मित्रमंडळींत फिरत आणि त्यांच्या नकला करून घेतल्या जात. जे हाती आले तेच महिनोन्महिने ऐकावे लागे, त्यामुळे पुनःश्रवण ही निवड नसून परिस्थिती होती. १९८६ साली सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाने आणि दक्षिण मुंबईतील रंगभवन या खुल्या नाट्यगृहाने या श्रोत्यांना एकत्र आणले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील मैफली थांबल्या. १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ या इंग्लिश वाद्यवृंदाने आपल्या जागतिक दौऱ्याचा आरंभ मुंबईतून केला.

मुंबईतील ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ हा वाद्यवृंद २००० साली स्थापन झाला. त्यांचा ‘दशावतार’ हा २०१७ सालचा संग्रह विष्णूच्या अवतारांवर आधारलेला आहे. गीते इंग्रजीत आणि बव्हंशी ग्राउलमध्ये असली, तरी मत्स्य, कूर्म, वराह या कथा मराठी श्रोत्याला बालपणापासून ठाऊक असतात. शब्द ओळखू येण्याआधीच प्रसंग ओळखू येतो, आणि या कंठध्वनीशी परिचय करून घेण्यासाठी तेवढा आधार पुष्कळांना पुरेसा होतो.