नदीच्या गाळातला व्यवहार

सकाळी नदीकाठी मेलेल्या माशांचा खच दिसला, की कोणीतरी पाण्यात विष सोडले असावे, अशी शंका येते. कधी ती खरी ठरते. पण अनेकदा कारण तळाच्या गाळात असते.

उथळ, संथ पाण्याखालच्या गाळावर शैवालाचा पातळ थर असतो आणि त्याला लागूनच असंख्य जिवाणू राहतात. दोघांचा व्यवहार देण्याघेण्याचा आहे. ऊन पडले, की शैवाल ऑक्सिजन सोडते. तो वापरून जिवाणू मैलापाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवतात. त्यातून सुटणारे कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि फॉस्फेट शैवालाला मिळतात. अनेक शैवालांना लागणारे ‘बी-१२’ जीवनसत्त्वही जिवाणूच पुरवतात. नदी स्वतःला थोडीफार स्वच्छ करते, त्यात या भागीदारीचा मोठा वाटा आहे.

मैलापाणी प्रमाणाबाहेर आले, की हे गणित बिघडते. रात्री शैवाल ऑक्सिजन बनवत नाही, उलट श्वसनासाठी वापरते. जिवाणूही तोच संपवत असतात. पहाटेपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन इतका कमी होतो, की मासे गुदमरतात. मग गाळात ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते. त्यांच्यापैकी काही हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. सडक्या अंड्यांसारखा वास त्याचाच. हा वायू लोहाशी संयोग पावला, की गाळ काळा पडतो. लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरस अशा वेळी पाण्यात सुटतो. तो खाऊन शैवाल आणखी वाढते, मरते आणि पुन्हा गाळात जाते.

पुण्याच्या मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनी जलाशयात पोहोचते. शहराने सोडलेला मैला अशा प्रकारे दूरच्या गावांचा प्रश्न होतो. साचलेल्या पाण्यावर येणारा हिरवा तवंग बऱ्याचदा सायनोबॅक्टेरियाचा असतो. त्याला नील-हरित शैवाल म्हणतात, पण ते जिवाणूच आहेत. त्यांचे काही प्रकार यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन हे विष बनवतात. पाणी उकळूनही ते नाहीसे होत नाही. त्यामुळे तवंग असलेले पाणी पिऊ नये, जनावरांनाही पाजू नये.

वरचा तवंग काढल्याने हे चक्र तुटत नाही. मैलापाणी पूर्ण थांबवले, तरी गाळात साठलेला फॉस्फरस पुढे अनेक वर्षे सुटत राहू शकतो. म्हणूनच प्रक्रिया न केलेले पाणी नदीत सोडण्याचे प्रत्येक वर्ष पुढच्या अनेक वर्षांचे दुखणे वाढवते.