वडिलांचे इंजिन भंगारात घालण्यापूर्वी

तुमच्या विहिरीवरच्या खोपीत एखादे जुने डिझेल इंजिन गंजत पडले आहे का? विजेची मोटार आली, इंजिनावर खताच्या रिकाम्या गोण्या पडल्या आणि आता भंगारवाला किलोवर भाव करतो आहे. देण्याआधी आमच्या घरचा अनुभव ऐका.

आमच्या वडिलांचे ५ अश्वशक्तीचे, ६५० फेऱ्यांचे, दोन मोठ्या चाकांचे इंजिन अनेक वर्षे बंद होते. वडील गेल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, देऊन टाकू. जागा तरी मोकळी होईल." पण खोपीच्या दारावर, आतल्या बाजूने, वडिलांनी ऑइल बदलल्याच्या तारखा खडूने लिहून ठेवल्या होत्या. एकही खाडा नव्हता. मी म्हटलं, एवढी निगा राखलेलं यंत्र आहे, आधी तपासून तर बघू.

पहिली गोष्ट, हातोडा आणि रंगाचा डबा दोन्ही लांब ठेवा. इंजिन जाम असेल तर नोझल काढून तिथून सिलिंडरमध्ये थोडे डिझेल व ऑइल सोडा. दोन-तीन दिवस मुरू द्या. मग चाक हाताने थोडे पुढे, थोडे मागे हलवा. आमचे तिसऱ्या दिवशी सुटले. नोझल बसवण्याआधी पाच-सहा फेरे देऊन आतले तेल बाहेर पडू द्या. डिझेलची टाकी, फिल्टर आणि पाण्याच्या वाटेतला गाळ साफ करा. जुने ऑइल काढताना ते दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरते आहे असे समजा.

आता दाब बघा. चाक दाबावर आणल्यावर उसळी मारून मागे आले तर दाब शाबूत आहे. हवा निसटत असेल तर कान लावा. सायलेन्सरकडून आवाज आला तर धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह गळतो, हवेच्या फिल्टरकडून आला तर हवा आत घेणारा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुसले तर रिंगा किंवा लायनर झिजला. आमचा फक्त धुराचा व्हॉल्व्ह गळत होता, तो तालुक्याच्या मिस्त्रीकडून घासून घेतला. मात्र क्रँक, लायनर, पिस्टन सगळेच गेले असेल तर माया आवरा. तिथे पैसा घालू नका.

गेल्या रब्बीत डीपी जळाला. गहू २० दिवसांचा, मुकुटमुळे फुटण्याची वेळ. हे पाणी चुकले की फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी द्या, ते नुकसान पुरते भरून निघत नाही. नवी डीपी बसेपर्यंत वडिलांच्या इंजिनाने गहू भिजवला. तासाला साधारण लिटरभर डिझेल लागते, म्हणून रोज चालवणे परवडणार नाही. अडीनडीला मात्र पीक वाचते.

जीवही जपा. पाणी खाली गेले म्हणून इंजिन विहिरीत उतरवू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. इंजिन बंद करायला उतरलेला माणूस खालीच राहतो आणि त्याला काढायला उतरलेलाही. हँडल मारताना अंगठा मुठीत न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवा. चाकाची चावी घट्ट आहे का, ते सुरू करण्याआधी पाहा. धोतर, पदर, गळ्यातला टॉवेल पट्ट्यापासून दूर हवा.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती. गावात चालू इंजिने किती, कुणाकडे, याची यादी करून ठेवा. पाणीपुरवठ्याची वीज गेली तर ती उपयोगी पडेल.

इंजिन सुरू झाले की पुन्हा गोण्यांखाली ढकलू नका. महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे पंपासह चालवा आणि तारीख लिहून ठेवा. आमच्या खोपीच्या दारावर वडिलांच्या शेवटच्या तारखेखाली आता धाकटा भाऊ तारखा लिहितो.