पाडण्याआधी : वर्धा जिल्ह्यातील वास्तूंच्या पुनर्वापराचा आढावा

निसर्गातून घेतलेली सामग्री एकदा वापरून टाकून न देता, आधी दुरुस्ती, मग नवा उपयोग आणि सरतेशेवटी सुटे केलेले भाग अशा मार्गाने ती शक्य तितका काळ उपयोगात ठेवणारी व्यवस्था म्हणजे चक्रीय अर्थव्यवस्था होय. वॉल्टर स्टाहेल आणि जेनेव्हीव्ह रेडे यांनी युरोपीय आयोगासाठी 1976 मध्ये केलेल्या अहवालापासून या विचाराचा पाश्चात्त्य इतिहास अनेकदा सांगितला जातो. परंतु कोळसा, खनिज तेल यांसारख्या संपणाऱ्या साठ्यांवर उभे असलेले अर्थकारण आणि जंगल, नदी यांसारख्या पुन्हा भरून येणाऱ्या स्रोतांवर चालणारे अर्थकारण यांतला भेद गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्याच्या तीन दशके आधी, तुरुंगवासात लिहिलेल्या स्थायी अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात मांडला होता, आणि त्यांची कर्मभूमी वर्धा होती.

ती कर्मभूमीच मुळात पुनर्वापरातून उभी राहिली. कुमारप्पा ज्यात काम करत त्या, डिसेंबर 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघासाठी उद्योगपती जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि तिच्यातील घर देऊन टाकले, गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी हे नाव पडले, आणि ग्रामीण उद्योगांवर संशोधन करणारी महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आजही त्याच परिसरात काम करते. पवनारला धाम नदीच्या काठी असलेल्या बजाजांच्या बंगल्यात विनोबा भावे 1938 मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी राहायला गेले आणि त्या बंगल्याचा परंधाम आश्रम झाला. पुढे 1959 मध्ये तेथेच ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले, आणि शेतात खणताना निघालेली प्राचीन शिल्पेही तेथे भिंतींत बसवून जपली गेली.

याहून अधिक बोधप्रद आहे तो गांधीजींचा सेवाग्राम आश्रम. 1936 मध्ये उभ्या राहिलेल्या आदिनिवासात आरंभी सारेच आश्रमवासी एकत्र राहत. आज बापूकुटी म्हणून जगाला ठाऊक असलेली कुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांच्यासाठी बांधलेली होती आणि गांधीजी तिच्यात नंतर राहायला आले. जमनालालजींसाठी बांधलेल्या घरात पुढे दवाखाना चालला आणि 1946 मध्ये सेवाग्राम सोडण्यापूर्वीचे दिवस गांधीजींनी तेथे काढल्यामुळे ते आखरी निवास ठरले. डॉ. सुशीला नायर यांच्या ज्या कस्तुरबा रुग्णालयातून 1969 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, त्याचा आरंभही एका अतिथिगृहातच झाला होता.

हा पुनर्वापर शक्य झाला त्याचे एक कारण मालकांची उदारता हे खरेच. पण दुसरे कारण बांधकामात आहे. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू (कौले) यांनी बांधलेल्या घराचा प्रत्येक भाग वेगळा काढता येतो: फुटलेले कवेलू बदलता येते, वाळवी लागलेला वासा काढून दुसरा घालता येतो, गळालेली माती पुन्हा मळून भिंतीला लावता येते. अर्थात अशा घराला दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरणे आणि वरचेवर लिंपण, सारवण करणे चुकत नाही, आणि हे कष्ट बव्हंशी बायांच्या वाट्याला येत आले असल्याने सिमेंटच्या घराची ओढ समजून घेतली पाहिजे. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने 1976 पासून स्थानिक सामग्रीच्या सुधारित घरांवर केलेले काम म्हणूनच मोलाचे आहे.

विटा-सिमेंटच्या इमारतींनाही पुनर्वापराचा हा विचार लागू होतो. उभ्या इमारतीत विटा भाजताना, सिमेंट व पोलाद तयार करताना आणि माल वाहून आणताना जळालेले इंधन आधीच खर्ची पडलेले असते. त्यातून झालेल्या उत्सर्जनाला अंतर्भूत कार्बन म्हणतात. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे 7 ते 8 टक्के वाटा एकट्या सिमेंटचा असल्याने, सुस्थितीतली इमारत पाडून नवी बांधणे म्हणजे एकदा फेडलेले कर्ज पुन्हा काढणे होय. केंद्र सरकारच्या 2016 च्या राडारोडाविषयक नियमांनी दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टनांहून अधिक राडारोडा करणाऱ्यांवर वर्गीकरणाची सक्ती केली खरी, पण एकेकटे घर पाडताना ही मर्यादा क्वचितच गाठली जात असे, आणि त्या नियमांचा भर पाडकामातून निघणाऱ्या राडारोड्यावर होता, तर चक्रीय विचार इमारत पाडण्याचे ठरण्याआधीच सुरू व्हायला हवा.

म्हणून वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील नगरपालिकांनी जुनी इमारत पाडण्याची परवानगी देण्यापूर्वी ती दुरुस्त होऊ शकते का याची तपासणी करून घ्यावी, आणि पाडणे अटळच असेल तर तिच्यातील सागवान, कवेलू व विटा यांची किंमत नव्या बांधकामाच्या अंदाजपत्रकात धरावी.